‘रशिया तीन-चार आठवडे टिकेल’ : १९४१ मधले राजदूतांचे आडाखे कसे वाचावेत?

डिचोलीचा वाचक (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणीतरी एका विषयावर बोलतो आणि पुढच्या महिन्याची पाळी माझी आहे. मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पण महायुद्ध शिकवताना लढायांचा क्रम आणि तहांची कलमे यांच्यापलीकडे जाण्याची सवड कधी मिळाली नाही. या खेपेस विषय मुद्दाम लहान घेतला आहे. युद्ध नुकतेच पेटलेले असताना, पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना, परक्या राजधानीत बसलेल्या राजदूतांनी आणि लष्करी सहायकांनी आपापल्या सरकारांना ‘कोण टिकेल, किती दिवस टिकेल’ याविषयी काय कळवले, एवढेच मला सांगायचे आहे.

वाचताना एका जागी मी अडलो आहे. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केली. त्याच्या सहा दिवस आधी, १६ जूनला, ब्रिटनचे मॉस्कोतील राजदूत सर स्टॅफर्ड क्रिप्स लंडनला आलेले होते. पुढच्याच वर्षी आपल्या देशात योजना घेऊन आलेले ते हेच क्रिप्स. त्यांनी युद्धमंत्रिमंडळाला सांगितले, की मॉस्कोच्या राजनैतिक वर्तुळात सर्वसाधारण मत असे आहे, की रशिया जर्मनीपुढे तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ उभा राहू शकणार नाही. चाल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिले, की रशियाला हरवण्यात जर्मनी किमान एक महिना आणि फार तर तीन महिने गुंतून राहील. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांच्या कानी आलेला अंदाज सहा आठवडे ते दोन महिने असा होता. प्रत्यक्षात ते युद्ध १,४१८ दिवस चालले आणि बर्लिनमध्ये संपले.

ही माणसे अडाणी नव्हती. त्यांच्या हाताशी गुप्त बातम्या होत्या, नकाशे होते, उभे आयुष्य सैन्यात घालवलेले सल्लागार होते. तरीही इतक्या जणांचा अंदाज एकाच दिशेने इतका कसा चुकला? आणि ज्यांचा चुकला नाही, त्यांनी असे काय पाहिले, जे इतरांच्या नजरेतून सुटले? नुसते ‘अंदाज चुकतातच’ असे सांगून श्रोत्यांची बोळवण करणे माझ्या मनाला पटत नाही. ज्यांनी यावर वाचन केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मांडवीकाठ

सर, नमस्कार. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा एक धागा आहे. क्रिप्स यांनी ‘माझे मत असे आहे’ असे म्हटले नाही. ‘राजनैतिक वर्तुळात असे मत आहे’ असे म्हटले. हे वर्तुळ म्हणजे कोण होते, हे पाहिल्याशिवाय त्या तीन-चार आठवड्यांचा अर्थ लागत नाही.

त्या काळच्या मॉस्कोत परदेशी वकिलातींना रशियन माणसांशी मोकळेपणाने बोलण्याची सोय नव्हती. कारखाने आणि लष्करी छावण्या त्यांना दाखवल्या जात नसत, प्रवासावर बंधने होती आणि जाईल तिथे पाळत असे. अशा शहरात एका वकिलातीतला माणूस दुसऱ्या वकिलातीत जेवायला जातो, तिथे जे ऐकतो ते आपल्या तारेत लिहितो आणि आठवड्याने तेच वाक्य तिसऱ्या वकिलातीतून त्याच्या कानावर परत येते. मग त्याला वाटते, की आपल्या मताला दुजोरा मिळाला. पाच राजदूतांचे एकमत दिसते, परंतु त्या पाचांची माहितीची विहीर एकच असते. मला वाटते, की व्याख्यानात हा मुद्दा तुम्ही सर्वांत आधी घ्यावा.

आता त्या विहिरीत काय होते, ते पाहा. १९३७-३८ मध्ये स्टालिनने स्वतःच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांची कत्तल केली होती. सोव्हिएत संघाच्या पाच मार्शलांपैकी तुखाचेव्स्की, येगोरोव आणि ब्ल्यूखर हे तिघे त्यात संपले. त्यानंतर ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या काळातल्या फिनलंडच्या युद्धात एका लहानशा देशाने लाल सैन्याला सगळ्या जगासमोर नामुष्की पत्करायला लावली. हे दोन्ही पुरावे खरे होते आणि वजनदारही होते. मात्र ऑगस्ट १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर खालखिन-गोल इथे सोव्हिएत सेनानी झुकोव्हने जपानी सैन्याचा साफ मोड केला, तो पुरावा युरोपच्या राजधान्यांत कोणी मनावर घेतला नाही. ती लढाई दूर होती, ओसाड मुलखातली होती आणि तिची हकिगत सांगणारा कोणी बातमीदार त्या वर्तुळात नव्हता. फिनलंडची हकिगत मात्र रोजच्या वर्तमानपत्रांत येत होती.

तिसरी गोष्ट फ्रान्सची. मे १९४० पर्यंत जवळजवळ प्रत्येक परराष्ट्र खाते फ्रेंच सैन्याला युरोपातले सर्वांत भक्कम सैन्य मानत होते आणि ते सहा आठवड्यांत कोसळले. त्या वेळी अंदाज उलट्या बाजूने चुकला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे पुढच्या वर्षभर सगळे जण प्रत्येक देशाच्या टिकण्याचा हिशेब फ्रान्सच्या मापाने करू लागले. स्टिमसन यांचे ‘एक ते तीन महिने’ आणि नॉक्स यांचे ‘सहा आठवडे’ हे आकडे पाहा. मला त्यांत रशियाच्या मोजमापापेक्षा फ्रान्सची आठवण जास्त दिसते. रशियाचे अंतर, रशियाचे रस्ते आणि रशियाची पिछाडी मोजून हे आकडे निघाले असते, तर ते इतके एकमेकांजवळ आले नसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकाच खुर्चीवर बसलेल्या दोन माणसांनी किती वेगळे पाहिले, याचे उदाहरण अमेरिकेच्या मॉस्को वकिलातीतच आहे. फिलिप फेमनव्हिल हे १९३४ पासून १९३९ पर्यंत तिथे लष्करी सहायक होते. ते रशियन भाषा जाणत आणि लाल सैन्य दिसते त्यापेक्षा बळकट आहे असे त्यांचे मत होते. त्यामुळे त्यांच्याच खात्यात त्यांना रशियाधार्जिणे म्हटले गेले. त्यांच्यानंतर आयव्हन येटन आले. त्यांना सोव्हिएत राज्याचा मनापासून तिटकारा होता आणि त्यांचे अहवाल शेवटपर्यंत निराशेचे राहिले. १९४१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या टेबलावर येटन यांचे अहवाल होते.

आणि मग हॅरी हॉपकिन्स. हा प्रसंग मात्र सावकाश सांगावा असा आहे. हॉपकिन्स हे रूझवेल्ट यांचे विश्वासू. प्रकृतीने अतिशय खंगलेले, काही वर्षांपूर्वी कर्करोगासाठी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले. जुलैच्या शेवटी ते स्कॉटलंडहून कॅटालिना विमानात बसून उत्तर समुद्रमार्गाने अर्खांगेल्स्कला आणि तिथून मॉस्कोला गेले. जर्मन सैन्य तेव्हा स्मोलेन्स्कपर्यंत पोचलेले होते. ३० आणि ३१ जुलैला ते क्रेमलिनमध्ये स्टालिनसमोर बसले. त्यांनी विचारले, की तुम्हाला आत्ता ताबडतोब काय हवे आणि युद्ध लांबले तर काय हवे. स्टालिनने विमानविरोधी तोफा मागितल्या, मोठ्या मशीनगन मागितल्या, बंदुका मागितल्या. आणि त्यानंतर विमाने बांधण्यासाठी ॲल्युमिनियम मागितले. तोफा आणि ॲल्युमिनियम द्या, आम्ही तीन-चार वर्षे लढू, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

हॉपकिन्स यांच्या मनात भरले ते ॲल्युमिनियम. ते अमेरिकेतून जहाजावर चढणार, अर्खांगेल्स्कला उतरणार, रेल्वेने कारखान्यात जाणार, तिथे त्याचे पत्रे होणार, पत्र्यांची विमाने होणार आणि मग ती आघाडीवर जाणार. ज्याला आपण महिन्याभरात बुडणार असे वाटते, तो तयार विमाने मागेल, तयार दारूगोळा मागेल. कच्चा माल मागणार नाही. याच भेटीत स्टालिनने पुढच्या वसंतातल्या मोहिमेसाठी ३५० डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) उभ्या करण्याची भाषा केली. हॉपकिन्स यांनी आघाडी पाहिली नव्हती, सैन्य पाहिले नव्हते. समोरच्या माणसाची मागणी किती लांबची आहे, एवढेच त्यांनी पाहिले.

मुरगावकर

वरचे विवेचन मला आवडले. पण एका बाबतीत मी मांडवीकाठ यांच्याशी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो. निकाल माहीत झाल्यावर निराशावादी माणसाला दोषी ठरवणे फार सोपे असते. क्रिप्स आणि स्टिमसन यांच्या जागी आपण असतो, तर काय लिहिले असते याचा विचार व्हायला हवा.

जून ते ऑक्टोबर १९४१ या चार महिन्यांत लाल सैन्याचे जे झाले, ते फ्रान्सच्या पराभवापेक्षा कितीतरी मोठे होते. सप्टेंबरमध्ये कीव्हभोवतीच्या वेढ्यात जर्मनांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे सहा लाखांहून अधिक सैनिक कैद झाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्याझ्मा आणि ब्र्यान्स्क इथे पुन्हा तसेच प्रचंड वेढे पडले. १५ ऑक्टोबरला मॉस्कोतल्या सगळ्या वकिलातींना सामान बांधायला सांगून व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्हला हलवले गेले. म्हणजे राजदूतांनी सैन्याच्या दुर्दशेचा जो अंदाज केला होता, तो बहुतांशी खरा ठरला. रशियाची पहिली फौज खरोखरच नष्ट झाली. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ती फौज गेली म्हणजे देश गेला, असे त्यांनी गृहीत धरले.

दुसरी फौज कुठून आली, हा खरा प्रश्न आहे आणि तो शत्रूलाही पडला होता. जर्मन भूदलाच्या जनरल स्टाफचे प्रमुख फ्रान्झ हाल्डर यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. ३ जुलैला, मोहीम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नसताना, त्यांनी लिहिले की रशियाविरुद्धची मोहीम दोन आठवड्यांत जिंकली गेली असे म्हणणे बहुधा अतिशयोक्तीचे होणार नाही. ११ ऑगस्टला त्यांनीच नोंदवले, की आम्ही शत्रूच्या सुमारे २०० डिव्हिजन धरून चाललो होतो आणि आतापर्यंत ३६० मोजल्या आहेत. एक डझन तुडवल्या, की रशियन दुसऱ्या डझनभर उभ्या करतात. ज्यांच्या हाती लाखो कैदी होते आणि जे रोज त्या सैन्याशी प्रत्यक्ष लढत होते, त्यांचा हिशेब इतका चुकला, तर मॉस्कोत जेवणाच्या टेबलावर बसलेल्यांना किती दोष द्यायचा?

जर्मनांचे मॉस्कोतील राजदूत शुलेनबुर्ग यांचाही उल्लेख व्हायला हवा. ते १९३४ पासून तिथे होते. २८ एप्रिल १९४१ रोजी त्यांनी स्वतः हिटलरला भेटून सांगितले, की रशिया जर्मनीवर हल्ला करेल असे मला वाटत नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही. त्याच वकिलातीत लष्करी सहायकाचे काम पाहणाऱ्या क्रेब्स यांनी मे महिन्याच्या सुरुवातीला कळवले, की रशियन अधिकारीवर्ग फारच निकृष्ट आहे आणि त्याला पूर्वपदावर यायला वीस वर्षे लागतील. हे मात्र लगेच ऐकले गेले, कारण वरिष्ठांचा निश्चय आधीच झालेला होता. सर, अहवाल चूक की बरोबर याच्याइतकेच तो कोणाला हवा होता, हेही श्रोत्यांना सांगा.

ज्यांनी बरोबर सांगितले, त्यांच्याकडेही जरा कठोरपणे पाहावे. १९३६ ते १९३८ या काळात मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत असलेले जोसेफ डेव्हिस यांनी युद्ध सुरू होताच म्हटले होते, की लाल सैन्याचा प्रतिकार जगाला चकित करील. ते खरे ठरले. पण याच डेव्हिस यांनी स्टालिनने आपल्या विरोधकांवर मॉस्कोत चालवलेले खोटे खटले खरे मानले होते. बरोबर उत्तर आणि बरोबर रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गणिताच्या शिक्षकांइतकेच इतिहासाच्या शिक्षकांनाही ठाऊक असते.

आमच्या घरातली एक आठवण सांगतो, कारण ती ॲल्युमिनियमच्या गोष्टीजवळ जाते. माझे आजोबा मुरगाव बंदरात माल मोजण्याच्या कामावर होते. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे युद्ध सुरू होताच एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन मालवाहू जहाजे बंदरात आश्रयाला आली आणि पुढे इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही त्यांच्यात येऊन मिळाले. मार्च १९४३ मध्ये इंग्रजांनी कलकत्त्याहून हौशी घोडदळाची माणसे आणून रातोरात त्यांवर छापा घातला आणि ती चारही जहाजे जळून बुडाली, ही हकिगत इथे सगळ्यांना माहीत आहे. आजोबा मात्र त्या रात्रीविषयी कमी आणि आधीच्या साडेतीन वर्षांविषयी जास्त बोलत. ते म्हणत, पहिल्या वर्षी खलाशी जहाजाच्या बाजू खरवडत, रंग देत, नांगराची साखळी मधूनमधून वर घेऊन साफ करत. म्हणजे आज ना उद्या निघायचे आहे असे त्यांना वाटत होते. पुढे साखळीवर शिंपले चढू लागले आणि ते काढायला कोणी उतरेना. युद्ध किती लांबणार, हे आजोबांनी त्या साखळीवरून ओळखले होते, असे ते नेहमी सांगत.

अंत्रुज

मुरगावकरांच्या आजोबांची साखळी मला फार भावली. मला या चर्चेत १९४० च्या लंडनची जोड द्यावीशी वाटते, कारण तिथे हाच प्रश्न आणखी स्वच्छ दिसतो. तिथे एकाच शहरात, एकाच वकिलातीत, एकाच वेळी दोन विरुद्ध अंदाज लिहिले जात होते.

राजदूत होते जोसेफ केनेडी, पुढच्या अध्यक्ष केनेडींचे वडील. फ्रान्स पडल्यानंतर ब्रिटन टिकणार नाही, असे ते सतत कळवत राहिले आणि नोव्हेंबर १९४० मध्ये मायदेशी परतल्यावर एका मुलाखतीत इंग्लंडमधली लोकशाही संपली आहे, असे म्हणून बसले. त्यातून त्यांचे पद गेले. त्यांच्याच वकिलातीतले लष्करी सहायक रेमंड ली यांनी मात्र त्या उन्हाळ्यात आणि सप्टेंबरच्या बाँबवर्षावातही ब्रिटन टिकण्याची शक्यता न टिकण्यापेक्षा दुप्पट-तिप्पट धरली. जुलैमध्ये रूझवेल्ट यांनी विल्यम डोनोव्हन यांना स्वतंत्रपणे पाहणी करायला पाठवले आणि त्यांनीही परत येऊन ब्रिटन टिकेल असेच सांगितले. २ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेने तळांच्या बदल्यात ब्रिटनला पन्नास विनाशिका दिल्या, त्यामागे या दुसऱ्या मताचे वजन होते.

केनेडी यांना माहिती कमी होती असे मला वाटत नाही. त्यांना अमेरिका युद्धात पडू नये असे मनापासून वाटत होते, त्यांचे मुलगे लढण्याच्या वयाचे होते आणि ब्रिटन हरणारच असेल, तर मदतीचा प्रश्नच उरत नाही. त्यांची इच्छा आणि त्यांचा अंदाज या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येऊन बसल्या. १९४१ मध्ये रशियाच्या बाबतीतही तेच झाले. रशिया सहा आठवड्यांत पडणार असे एकदा मानले, की पाठवलेला माल जर्मनांच्या हाती पडेल, तेव्हा पाठवू नये, हा पुढचा युक्तिवाद आपोआप तयार होतो. म्हणून हे आडाखे निरुपद्रवी नव्हते. अंदाज लिहिणारा माणूस कोणाला तरी तोफा मिळणार की नाही, हे ठरवत होता. ऑगस्टच्या सुरुवातीला, हॉपकिन्स यांची भेट झाल्यावर, रूझवेल्ट यांनी आपल्या मंत्र्यांना रशियाच्या मदतीतील दिरंगाईबद्दल धारेवर धरले, ते यामुळेच.

आपल्या गोव्यातल्या श्रोत्यांना हे समजावयाचे असेल, तर १९६१ चा दाखला द्यावा, असे मी सुचवते. ते महायुद्ध नव्हते आणि दोन्हींची बरोबरी करायची नाही. पण आकडा कुठून जन्माला येतो, हे त्यात लख्ख दिसते. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांना कळवले, की निदान आठ दिवस तरी टिकाव धरावा. हे आठ दिवस पणजीतले सैनिक, दारूगोळा आणि पूल मोजून काढलेले नव्हते. परदेशी सरकारांना आणि संयुक्त राष्ट्रांना हालचाल करायला लिस्बनला जितका वेळ हवा होता, तितके ते दिवस होते. इथे सुमारे साडेतीन हजार सैनिक होते, समोर त्यांच्या कितीतरी पट फौज होती, आकाशात त्यांचे एकही लढाऊ विमान नव्हते. १८ डिसेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य आत आले आणि १९ तारखेच्या रात्री शरणागतीच्या कागदावर सही झाली. गव्हर्नरांनी आठ दिवसांचा हट्ट धरला नाही, म्हणून पणजीची जुनी घरे आणि त्यांतली माणसे वाचली. मायदेशी त्यांना त्याबद्दल बडतर्फ केले गेले. माझ्या आईने ती रात्र पाहिली होती, म्हणून हा आकडा माझ्या दृष्टीने नुसता आकडा राहत नाही.

डिचोलीचा वाचक

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. १९६१ चा दाखला मी नक्की घेणार. आमच्या वाचनालयात येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला आहे किंवा घरात ऐकलेला आहे.

एक शंका मात्र राहते. हॉपकिन्स यांचा निष्कर्ष बरोबर ठरला. पण स्टालिनने त्यांना जे सांगितले, ते त्यांनी तसेच्या तसे मानले असेल, तर तो निव्वळ योगायोग नाही का? समोरचा माणूस मदत मागत होता. मदत मागणारा ‘आम्ही तीन-चार वर्षे लढू’ असेच म्हणणार. मुरगावकरांनी डेव्हिस यांना जी कसोटी लावली, ती हॉपकिन्स यांना लावली तर काय उरते?

मांडवीकाठ

सर, शंका रास्त आहे आणि मुरगावकरांचा आक्षेपही मला मान्य आहे. मी निराशावाद्यांवर जरा जास्तच भार टाकला होता.

स्टालिनने हॉपकिन्स यांना सांगितलेले सगळे खरे ठरले नाही. हिवाळ्यात आघाडी मॉस्को, कीव्ह आणि लेनिनग्राड यांच्या पुढे, म्हणजे तेव्हा होती तिथून फार तर शंभर किलोमीटरवर राहील, असे त्याने विश्वासाने सांगितले आणि हॉपकिन्स यांनी ते अहवालात तसेच लिहिले. सुमारे सात आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, कीव्ह पडले आणि लेनिनग्राड वेढ्यात सापडले. आघाडीविषयीचा तपशील चुकला आणि तो चुकणे स्वाभाविक होते, कारण ती मागणाऱ्याच्या सोयीची गोष्ट होती. ॲल्युमिनियमची मागणी मात्र त्या जातीची नाही. खोटा विश्वास दाखवायला शब्द पुरतात. पण कच्चा माल मागताना तो वितळवायला भट्टी आणि कारखाना शिल्लक राहील, असे मागणाऱ्याने धरलेले असते. तोंडच्या शब्दांपेक्षा मागणीची यादी खोटी पाडणे अवघड असते, म्हणून हॉपकिन्स यांनी जिथे बोट ठेवले ती जागा योग्य होती, असे मी म्हणतो.

आणि ते कारखाने खरोखर हलत होते. चाल झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २४ जूनला, स्थलांतरासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत दीड हजाराहून अधिक मोठे कारखाने यंत्रांसह आगगाडीत घालून उरल पर्वताकडे, सायबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे नेण्यात आले. काही ठिकाणी छप्पर उभे राहण्याआधीच उघड्यावर यंत्रे चालू झाली. मॉस्कोतल्या एकाही वकिलातीला हे धड दिसले नाही. राजदूतांच्या आडाख्यात सैन्याचे रकाने होते, या गाड्यांचा रकाना नव्हता. मुरगावकरांनी विचारलेली दुसरी फौज माणसांच्या बाबतीत राखीव भरतीतून आली आणि पुढच्या वर्षी तिच्या हाती जे रणगाडे आणि विमाने आली, त्यांतली फार मोठी संख्या या हलवलेल्या कारखान्यांतली होती.

हॉपकिन्स यांनाही या गाड्या दिसल्या नव्हत्या, त्यामुळे योगायोगाचा काही भाग उरतोच. तो मी नाकारत नाही. सप्टेंबरच्या शेवटी अमेरिकेचे प्रतिनिधी हॅरिमन आणि ब्रिटनचे प्रतिनिधी बीव्हरब्रुक मॉस्कोला जाऊन मदतीचा करार करून आले, तेव्हा त्यांच्या यादीतही ॲल्युमिनियम होते.

डिचोलीचा वाचक

माझे समाधान झाले. व्याख्यानाची सुरुवात मी क्रिप्स यांच्या १६ जूनच्या वाक्याने करीन, त्याला लागूनच हॉपकिन्स यांनी आणलेली जुलैअखेरची यादी वाचीन आणि कीव्हविषयीची चूकही लपवणार नाही. मुरगावकर, आपल्या आजोबांची आठवण नाव न घेता सांगण्याची परवानगी असावी, ही विनंती. वेळ संध्याकाळी पाचची आहे. तारीख पक्की झाली, की इथेच कळवतो.

मुरगावकर

अवश्य सांगा, सर. शक्य झाले तर मी येईन. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा बंदराचा एक फोटो आहे. त्यात दूरवर नांगरलेली दोन जहाजे दिसतात. ती कोणती, हे ओळखता येत नाही, पण तो फोटो बरोबर आणतो.